रात्रपाळीच्या त्या सिस्टरना
गेल्या महिन्यात आमच्या सहा वर्षांच्या लेकाचं फुटलेलं अपेंडिक्स ठाण्यातल्या एका रुग्णालयात काढलं. लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात घातलेली नळी, लावला होता; लघवी जमायला तिला पिशवी जोडलेली. दुसऱ्या रात्री त्याची कूस बदलताना मी पिशवी उचलून सरळ गादीवर ठेवली. नळीला ओढ बसू नये, एवढाच विचार.

तुम्ही धावत आलात. न रागावता पिशवी पलंगाच्या दांडीला अडकवलीत, जमिनीला टेकणार नाही अशी. "आई, पिशवी वर गेली की लघवी उलटी मूत्राशयात जाते, सोबत जंतूही जाऊ शकतात." मग नळीला कुठे पीळ पडलाय का तेही पाहिलंत. मी इंजिनिअर, पण उताराचं हे साधं गणित सुचलं नव्हतं!

नळीला हात लावण्याआधी तुम्ही सॅनिटायझर घ्यायचात. गार हात लेकाला नकोसे वाटायचे, म्हणून ते कोरडे होईपर्यंत तळवे घासत राहायचात. "झाले का पाव गरम?" तळव्यांना पाव म्हणत तो विचारायचा. तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "अजून दोन मिनिटं."

ड्युटी संपली तरी सकाळच्या राऊंडला थांबून डॉक्टरांना विचारायचात, "आज नळी काढायची का?" जितके जास्त दिवस नळी, तितका संसर्गाचा धोका जास्त, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी ती निघाली.

घाईत तुमचं नाव विचारायचं राहिलं, सिस्टर. मनापासून आभार. लेक अजून पाववाल्या मावशींची चौकशी करतो.