ढिगारा उचलण्याआधी

संपादक महोदय,

इमारत कोसळली की दोन-तीन दिवसांत पोकलेन आणि डम्पर लावून जागा साफ होते आणि मागे 'बांधकाम निकृष्ट होते' एवढी एक ओळ उरते. अडकलेल्यांना बाहेर काढणे सर्वांत आधी, त्यात वादच नाही. पण बचावकार्य संपल्यावर उचलला जाणारा राडारोडा हा पुरावा असतो आणि तोच डम्पिंगवर जातो.

तुटलेल्या सळईचे टोक पाहा. टोकाशी निमुळती होऊन धातूचा ताजा करडा रंग दिसत असेल, तर ती कोसळताना ताणाने तुटली. टोकावरही गंजाचे जुने थर असतील, तर ती आधीच निकामी झाली होती. गॅस कटर नेमका तिथेच चालवला किंवा तुकडा आठवडाभर पावसात पडला, की हा फरक पुसला जातो. म्हणून कापायचे तर टोकापासून फूटभर मागे, आणि ते टोक कोरडे करून लगेच गुंडाळून ठेवायचे.

काँक्रीटचा तुकडा तिथेच फोडून ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फथेलिन हे रंग बदलणारे रसायन फवारावे. चांगला भाग गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कधर्मी गुण गमावलेला, रंगहीन राहतो. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल, तर सळईचे गंजापासूनचे संरक्षण संपले होते. कॉलमवर ४० मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) हवे. किती होते ते मोजावे, उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांमधले अंतरही मोजावे. कोअर (ताकद तपासण्यासाठी ड्रिलने काढलेले काँक्रीटचे गोल नमुने) मात्र शक्यतो उभ्या राहिलेल्या भागातून काढावेत. पडलेल्या काँक्रीटला आपटल्याने सूक्ष्म तडे जातात, ताकद कमी भरते आणि नसलेला दोष सिमेंटच्या माथी बसतो. तळमजल्यावर उरलेले कॉलमचे खुंट तर हातच लावू न देता राखावेत. नूतनीकरणात ब्रेकरने तोडलेला कॉलम आणि भाराने चिरडलेला कॉलम यांच्या खुणा वेगळ्या असतात.

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी नृत्याचा कार्यक्रम चालू असताना छतापासून टांगलेले, एकाखाली एक असलेले दोन पादचारी मार्ग कोसळून ११४ जण दगावले. नाचणाऱ्यांच्या तालामुळे ते पडले, अशी सुरुवातीला चर्चा होती. उत्तर सापडले पडलेल्या बीममध्ये. मूळ आराखड्यात छतापासून खाली एकच सळई दोन्ही मार्गांतून जात होती, म्हणजे प्रत्येक नटवर आपापल्या मार्गाचाच भार. काम करताना तिच्या दोन सळया केल्या आणि खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या बीमला टांगला. वरच्या नटवर दुप्पट भार आला. दोन चॅनेल (पन्हाळीच्या आकाराचे पोलादी भाग) जोडून केलेल्या त्या बीमची वेल्डिंगची शिवण उकलली आणि नट आरपार निघाला. मूळ जोडसुद्धा नियमानुसार लागणाऱ्या ताकदीच्या ६० टक्केच होता, हे तपासात निघाले. तिथल्या 'कॅन्सस सिटी स्टार'ने स्वतः अभियंता नेमून हा बदल काही दिवसांतच छापला होता.

आपल्याकडे ढिगारा उपसण्याच्या कामातच हे बंधनकारक करावे: प्रत्येक थर उचलण्याआधी वरून छायाचित्र, मुख्य कॉलम-बीमच्या तुकड्यांवर ऑइलपेंटने क्रमांक आणि सापडलेली जागा, आणि तपास संपेपर्यंत छपराखाली साठवण. बातमीदारांनीही मृतांच्या आकड्याबरोबर विचारावे: कॉलमचे तुकडे कुठे ठेवले आहेत, आणि मंजूर नकाशाशी ते कोण ताडून पाहत आहे?

– एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, ठाणे