शनिवारच्या सामन्याबद्दल

प्रिय सोनू,

काल फोनवर म्हणालास, "बाबा, खांदा आता अजिबात दुखत नाही, शनिवारी गोलात मीच उभा राहतो." तेव्हा गप्प बसलो. बोललो असतो तर आपलं वाजलं असतं.

दुखायचं थांबलं म्हणजे भरून आलं, असं निखळलेल्या खांद्याचं नसतं रे. खुब्याची वाटी खोल असते, खांद्याची बशीसारखी उथळ. म्हणून तर हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच निसटतो. त्या बशीला कूर्चेची कड असते. हाड पुढे निसटताना ती बहुधा फाटते, आणि हाड जागेवर बसलं तरी कड नीट चिकटेलच असं नाही. पहिल्यांदा निखळला तेव्हा वय विशीच्या आत असेल, तर पुन्हा निखळायची भीती सगळ्यात जास्त. तू 17 चा आहेस.

माझाही खांदा निखळला होता, ती गोष्ट तू अर्धीच ऐकली आहेस. मैदानातच एका मित्राने माझ्या काखेत टाच रोवून हात ओढला. खट्कन बसला, टाळ्या पडल्या. पण दंडाच्या बाहेरच्या अंगाला हात फिरवला तर काही कळेना. चेतातंतू दुखावला होता. हाड मोडलंय का, हे कुणी बघितलंच नव्हतं. पुढे तो खांदा स्वेटर काढतानाही निखळायचा. शेवटी ऑपरेशन.

तेव्हा पुन्हा असं झालंच, तर कुणाला ओढू देऊ नकोस, कोचलाही नाही. हात आहे तसाच झोळीत धर, कापडातून बर्फ लाव, काही खाऊ नकोस (भूल द्यावी लागू शकते) आणि थेट एक्स-रे.

फिजिओने दिलेला रबरी पट्ट्याचा व्यायाम कंटाळवाणा आहे, मान्य. कोपर आणि बरगडीच्या मध्ये टॉवेलची घडी धर. पट्टा बाहेर ओढताना ती पडली, तर चुकलं समज. पाठीचे, फऱ्याचे स्नायूही हवेत. नुसती छाती फुगवून खांदा सावरत नाही. चेंडू फेकायला हात मागे नेताना 'आता निसटेल' अशी धाकधूक वाटते का, ते मला खरं सांग. दोन्ही हातांची ताकद सारखी होईपर्यंत सामना नाही. त्याला साधारण 3-4 महिने लागतात, तुझे पाचच आठवडे झालेत.

शनिवारी मी येतोय. बाकावर तुझ्या शेजारीच बसेन. टॉवेल आणि पट्टा घेऊन ये.

तुझा,
बाबा