गिटार विकू नकोस

पाचपाखाडी, ठाणे
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. खारघरच्या नव्या फ्लॅटमध्ये भिंतीला भिंत लागून शेजार, कुणाची कटकट नको, म्हणून गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा अॅम्प दोन्ही विकायला काढतोयस. फोन केला असता तर तू दोन मिनिटांत विषय बदलला असतास, म्हणून लिहायलाच बसलो. विकू नकोस रे.

गेल्या वर्षी माझ्यावरही हीच वेळ आली होती, तुला बोललो नव्हतो. मी शनिवार-रविवार दुपारी तासभर बेस, म्हणजे खर्जातली जाड तारांची गिटार, वाजवायचो. व्हॉल्यूम दोनच्या पुढे नाही, दार-खिडक्या लावलेल्या, भिंतीला अंड्यांचे ट्रेसुद्धा चिकटवलेले. माझ्या मते मी फार जपून वाजवत होतो. एक दिवस लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. काकांची अँजिओप्लास्टी झालेली, दुपारी जरा डोळा लागतो म्हणाल्या. मग अगदी संकोचून म्हणाल्या, "तुम्ही वाजवता ते कळतं हो, पण गाणं कोणतं ते काही कळत नाही."

ते वाक्य मला फार लागलं. आठ महिने त्यांनी ब्र काढला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी लेकीला वर बसवलं, बेसची ‘ए’ सुराची मोकळी तार छेडत राहा म्हटलं आणि काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. गाणं नाहीच. छतातून नुसती धुम्म, धुम्म. आणि मांडणीवर पातेल्यावरची एक स्टीलची झाकणी थरथरत होती, किर्रर्र. लेकीने दुसरी तार छेडली की झाकणी गप्प. ‘ए’ची तार वाजली की पुन्हा सुरू. काकूंनी सवयीने हात पुढे करून ती दाबून धरली. तो हात मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून मी हा विषय धसास लावला. सगळ्यात आधी कळलं ते हे, की आपल्या खोलीत ऐकू येतं ते शेजाऱ्याला ऐकू येतच नाही. वरच्या पट्टीतले सूर भिंतीत बरेचसे अडतात, खर्ज आरपार जातो. बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांची. तिच्या एका लाटेची लांबी आठ मीटरच्या वर, म्हणजे माझ्या हॉलपेक्षा मोठी. तिला अंड्यांचे ट्रे काय अडवणार? ट्रेने फार तर खोलीतला वरच्या सुरांचा घुमारा थोडा कमी होतो. आवाज बाहेर जायचा थांबवायला वजन लागतं, जाड भिंत लागते, आणि दाराखालची, सरकत्या खिडकीची फट बुजवावी लागते. मी ट्रे त्याच आठवड्यात काढून टाकले. आगीला निमंत्रण होतं ते वेगळंच. तुझ्या गिटारची जाड तार ८२ हर्ट्झची आहे, तेव्हा माझ्यापेक्षा तुझं काम सोपं आहे.

दुसरी गोष्ट, अॅम्प थेट लादीवर ठेवला की त्याचा कंप स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्यांचं छतच वाजायला लागतं. मी जुनी कापसाची गादी घडी करून त्यावर अॅम्प ठेवला. फरक पडला, पण पुरेसा नाही. आणि कमी वॉटचा अॅम्प घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. ३० वॉटच्या जागी ३ वॉटचा आणलास तरी आवाज एकदशांश होत नाही, कानाला साधारण निम्मा वाटतो. शिवाय आवाज हळू केला की आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, मग आपण अॅम्पवरचा खर्जाचा नॉब वाढवतो, आणि नेमकं तेच खाली जातं. मी महिनोन् महिने हेच करत होतो.

शेवटी हेडफोनवर आलो. गिटार लॅपटॉपला जोडायचा छोटा डबा, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, आणि लॅपटॉपवर अॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, बस. त्यात कॅबिनेटचं सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरच्या खोक्याची नक्कल, मात्र चालू ठेव. नाहीतर डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज, कानात माशी घोंघावल्यासारखं येतं आणि माणूस वैतागून सोडून देतो. हेडफोन वायरचाच घे, ब्लूटूथवर तार छेडल्यावर सूर मागून येतो. सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते, १२८ सॅम्पलवर ठेव, हाताला उशीर जाणवत नाही. आणि कान सांभाळ. ८५ डेसिबल आठ तास चालतात असं धरतात, पण पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. हेडफोनवर कुणी ओरडत नाही, म्हणून हात आपोआप वर जातो.

एवढं सगळं करून मी काकूंना विचारलं, आता ठीक ना? त्या म्हणाल्या, गाणं गेलं, पण कुणीतरी मुसळ आपटतंय असं वाटतं. तो माझा पाय होता! ताल धरताना टाच लादीवर पडत होती. आता पायाखाली सतरंजीच्या चार घड्या असतात, आणि टाच न उचलता चवड्याने ताल धरायला शिकलो. पंचेचाळिशीत ही सवय मोडायला दोन महिने लागले.

नियम म्हणशील तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत: राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. पण काकांची झोप दुपारी तीनची होती, ती कोणत्या नियमात बसवणार? नव्या बिल्डिंगमध्ये गेल्यावर आधी खालच्यांकडे जा, कुणाची बारावी आहे, कुणाची रात्रपाळी आहे ते विचार, आणि घरातल्या कुणाला तरी वाजवायला बसवून त्यांच्या घरात उभा राहून ऐक. खरा अॅम्प पोटभर वाजवायचा तर महिन्यातून एकदा तासावर स्टुडिओ घेऊ, भाडं अर्धं-अर्धं.

पुढच्या रविवारी गिटार घेऊन ये. खारघरहून ठाण्याची गाडी थेट आहे, बदलावी लागत नाही. माझ्या इंटरफेसला हेडफोनची दोन भोकं आहेत, पण हेडफोन एकच आहे, तेव्हा तुझा आण. जाड पिनचं अॅडॉप्टर माझ्याकडे आहे. सतरंजी दुसरी काढून ठेवतो.

तुझा,
शेवटच्या बाकावरचा भिडू