लॅपटॉप माझ्याकडे वळवलात, त्याबद्दल

मास्तर,

सप्रेम नमस्कार.

"नाव कुठे घालू नका ताई, उद्या पोरं रांग लावतील आणि प्रत्येकाला दोनशे बीएचपीची ताकद पाहिजे असेल," असं तुम्ही म्हणालात, म्हणून घालत नाही. रबाळे एमआयडीसीतल्या तुमच्या गल्लीत सगळे तुम्हाला मास्तरच म्हणतात. मीही तेच म्हणते. बिल दिलंत, पैसे घेतलेत, तेव्हा तुमच्या लेखी विषय मिटला. माझ्या लेखी तो मिटलेला नाही आणि तोंडावर बोलायला गेले असते तर तुम्ही पाना शोधायच्या निमित्ताने गाडीखाली गेला असतात. तेव्हा हे पत्र. उघडं लिहितेय, कारण ज्यांनी आधी ट्यूनिंगच्या नावाखाली माझी गाडी बिघडवली त्यांच्याही वाचनात आलं तर बरंच.

कासारवडवली ते महापे हा माझा रोजचा रस्ता. मेट्रोच्या खांबांमधून घोडबंदर रोडची रांग, माजिवडा, कोपरी, मग ऐरोलीचा पूल. महिन्यातून एखादा शनिवार आईला घेऊन नाशिकला, म्हणजे कसारा घाट. गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची, टर्बो पेट्रोल, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो ती. मला रोज ॲव्हरेज हवं होतं आणि घाटात ट्रेलरच्या मागून झटकन निघण्याइतका पिकअप हवा होता. या मागण्यांत विचित्र काय आहे ते मला आजही कळलेलं नाही. पण जिथे जाईन तिथे मी बंगला आणि त्यावर हेलिपॅड मागितल्यासारखी नजर मिळाली.

पहिल्या गॅरेजात प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं माझ्या भावाला मिळत होती. भाऊ फक्त सोबत आला होता. गाडीत पेट्रोल कोणत्या बाजूने भरतात याच्यापुढे त्याला काही ठाऊक नाही, पण तो बिचारा गंभीर चेहऱ्याने मान हलवत राहिला. फुल बूस्टला (टर्बोचा दाब पूर्ण असताना) लॅम्ब्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, किती ठेवता, असं मी विचारलं तर मालक त्याच्याकडे बघून हसले. "मॅडमनी यूट्यूब बघितलेलं दिसतंय." तिथून निघालो.

दुसऱ्या ठिकाणी निदान माझ्याशी बोलले. "पॉवर की ॲव्हरेज, एक काय ते ठरवा," असं म्हणत म्हणत शेवटी दोन्ही मिळेल अशी हमी दिली आणि 'स्टेज टू' नावाचं पॅकेज चढवलं. मूळचा टर्बो काढून मोठा बसवला. बंपरच्या जाळीतून लोकांना दिसावा असा, टर्बोची तापलेली हवा थंड करणारा, भला थोरला इंटरकूलर रेडिएटरच्या तोंडावर उभा केला. पाय उचलला की 'फिश्श' करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला. मला न विचारता धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) काढून वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकला. वर इंजिनाच्या कॉम्प्युटरला कधी किती पेट्रोल द्यायचं ते सांगणारी एक फाइल मारली, जी नंतर तुम्ही उघडून बघितलीत आणि काही न बोलता चष्मा पुसत बसलात. डायनोचा, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राचा, कागद मात्र लॅमिनेट करून दिला होता त्यांनी. ॲव्हरेज चौदावरून नऊवर आलं. तक्रार केली तर म्हणाले, "गाडी कोण चालवतं?"

या दोन्ही गॅरेजांत लॅपटॉपची पाठ माझ्याकडे होती. गाडी माझी, पैसे माझे, गाडीच्या कॉम्प्युटरच्या (ओबीडी) सॉकेटात वायर खुपसलेली, आणि मला दिसतंय काय तर झाकणावरचा स्टिकर.

तुमच्याकडे आले तेव्हा एकटीच आले. तुम्ही एक स्टूल ओढलंत, फडक्याने पुसलंत आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवलात. "हे बघा ताई, ही तुमची आज सकाळची घोडबंदर रोड. या तीन रेघा बघा, बाकीच्या सोडून द्या."

बस, एवढंच. तुमच्या लक्षातही नसेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी ते थिनरच्या वासावर ढकललं, हे आज सांगते. मला काय येतं आणि काय येत नाही, याचा तुम्हाला तोवर पत्ता नव्हता. भिंतीवरचं ते मॅक्लारेनच्या रेसिंग कारचं कात्रण मी ओळखलं ते नंतर. म्हणजे तुम्ही आधी परीक्षा घेऊन मग स्क्रीन दाखवली नाहीत. माझ्या जागी एखादा रिक्षावाला असता तरी त्याच्याकडे तशीच वळवली असतीत. नंतर दोनदा गेले तेव्हा तुम्ही तसंच करताना पाहिलं.

त्या तीन रेघा आता मला पाठ आहेत: बूस्ट, लॅम्ब्डा आणि इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी टाकायची वेळ. तुम्ही जे समजावलंत ते माझ्या शब्दांत लिहिते. चुकलं तर फोन करा.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. फुल बूस्टला मात्र बाराला एकच्या आसपास, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल द्यावं लागतं. ते जास्तीचं पेट्रोल ताकदीसाठी नसतं, सिलिंडरच्या आतली उष्णता खाण्यासाठी असतं. "तापात कपाळावर ओली पट्टी ठेवतो ना, तशी," तुम्ही म्हणालात. "पण ताप नसताना पट्टी कशाला?" माझ्या गाडीत पट्टी कायमची होती. कॅट काढलेला, त्यामुळे ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल कमी-जास्त करायची सोयच फाइलमध्ये बंद करून टाकलेली, आणि फाइलच्या तक्त्यातल्या प्रत्येक रकान्यात सरसकट पेट्रोल वाढवलेलं. मी माजिवड्याच्या सिग्नलला उभी असतानासुद्धा गाडी घाट चढत असल्यासारखी पीत होती. प्लग काळेकुट्ट निघाले ते म्हणूनच.

मग तुम्ही एक आकडा सांगितलात. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाने एकसारखं जायला माझ्या गाडीला जेमतेम दहा-बारा बीएचपी लागते. बाकीचे शंभर नुसते बसून असतात. ॲव्हरेज ठरतं ते या दहा-बारांच्या रकान्यांत, आणि घाटातला जोर ठरतो तो वरच्या कोपऱ्यातल्या रकान्यांत. एकाला हात लावताना दुसऱ्याला धक्का लागलाच पाहिजे असं काही नाही. "एक काय ते ठरवा" म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून सांगण्याची तसदी घ्यायची नव्हती? दुसरंच असावं असं मला वाटतं.

टायमिंगची रेघ सगळ्यांत वाईट होती. फुल बूस्टला ती दर थोड्या वेळाने खाली कोसळत होती. नॉक सेन्सरला आतली, पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटल्याची, टिकटिक ऐकू गेली की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो. उशिरा पेटलेलं पेट्रोल पिस्टनला ढकलायचं सोडून सायलेन्सर तापवतं. एक्झॉस्ट तापला की टर्बाइनला इजा होऊ नये म्हणून कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो. म्हणजे जोरही गेला आणि पेट्रोलही गेलं, आणि कागद मात्र लॅमिनेटेड. त्या रेघेवर पेन्सिल ठेवून तुम्ही म्हणालात, "पॉवर आणि ॲव्हरेजचं आपसात भांडण नाही ताई. दोघांचं भांडण उष्णतेशी आहे."

हे वाक्य मी ऑफिसात दोघांना ऐकवलं. एकाने लिहून घेतलं.

तुम्ही काय काय केलंत त्याची यादी इथे देत नाही, बिलावर आहे. पण कॅट परत बसवल्याशिवाय मॅपला (फाइलमधल्या त्या तक्त्याला) हात लावणार नाही, असं तुम्ही सुरुवातीलाच बजावलंत, हे लिहायलाच हवं. पीयूसी कुठूनही 'मॅनेज' होते हे मला याआधी बऱ्याच जणांनी ऐकवलं होतं. तुम्ही शेजारच्या टपरीकडे बोट दाखवून एवढंच म्हणालात, "धूर या पोरांच्या नाकात जातो."

आणि तो 'फिश्श'! त्याचं कोडं तुम्ही उलगडलंत तेव्हा मी हसत सुटले. हवा आत येतानाच सेन्सर तिचं वजन मोजतो आणि तेवढ्या हवेचं पेट्रोल ठरतं. पाय उचलला की तो व्हॉल्व्ह मोजलेली हवा बाहेर सोडून देतो, पेट्रोल मात्र मोजल्याप्रमाणे येतं. दर वेळी मिक्श्चर क्षणभर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. रिकाम्या हायवेवर हे कधीतरी घडेल. घोडबंदरच्या रांगेत, जिथे दर दहा मीटरला पाय टेकवायचा आणि उचलायचा, तिथे मी दिवसभर पैसे फुसकारत होते. मूळचा व्हॉल्व्ह, जो हवा गुपचूप परत आतच फिरवतो, तो लावल्यावर गाडी एकदम सभ्य झाली. शेजारच्या सोसायटीतल्या मुलांनी मात्र विचारलं, गाडी बिघडली का?

मोठ्या टर्बोबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत, काढलात आणि बाजूला ठेवलात. लहान टर्बो १८०० आरपीएमच्या आसपासच जागा होतो, त्यामुळे मला लवकर वरचा गिअर टाकता येतो, ॲव्हरेज तिथूनही मिळतं. मोठा जागा व्हायची वाट बघत मी उगाच ॲक्सिलरेटर दाबत होते. इंटरकूलरही लहान आणला, पण हवा बाजूने निसटू नये म्हणून कडेने पट्ट्या लावून बंदिस्त केला. ३० अंशाची हवा दाबून दुप्पट दाबाला नेली की तिचं तापमान शंभराच्या वर जातं, आणि मे महिन्यात ठाण्यात सुरुवातच ३० ला होत नाही. दिसण्यासाठी लावलेल्या वस्तूने रेडिएटरचाच वारा अडवला होता.

बूस्टही तुम्ही कमी केलात. नवा डायनोचा आकडा जुन्या कागदापेक्षा लहान आहे, हे तुम्ही स्वतःहून, पैसे घेण्याआधी सांगितलंत. हे धंद्याला मारक आहे, मास्तर. १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोलही भरू नका म्हणालात. मॅप ९५ ऑक्टेनवर बांधलाय, त्याच्यावरचे पैसे सायलेन्सरमधून जातील.

त्या कात्रणाबद्दल राहिलंच. १९८८ साली फॉर्म्युला वनमध्ये टर्बो गाड्यांना शर्यतीपुरतं १५० लिटर पेट्रोल आणि जास्तीत जास्त अडीच बार दाब, एवढीच मुभा होती. टर्बो नसलेल्यांना पेट्रोलचं बंधनच नव्हतं. तरी मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. ज्यांनी मला "एक काय ते ठरवा" म्हटलं, त्यांच्या गॅरेजातही त्याच गाडीचं पोस्टर होतं, माझ्या कमरेएवढं. मुळात टर्बोचं पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली घेतलं ते एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या उष्णतेकडून काम करून घ्यायला. काटकसर त्याच्या जन्मातच आहे. रील बनवणाऱ्यांनी त्याचा फटाका केला.

मागच्या शनिवारी कसारा घाटात दोन ट्रेलर एकामागे एक रांगत होते. तिसऱ्या गिअरला पाय दाबला आणि गाडी एका दमात दोघांच्या पुढे. पूर्वी तो मोठा टर्बो उशिरा आणि एकदम यायचा, मान मागे आपटायची, आई "अगं!" म्हणून ओरडायची. या वेळी ती शेजारी झोपली होती, ती इगतपुरीपर्यंत झोपलेलीच राहिली. परतीच्या रस्त्याला, उतार धरून, ॲव्हरेज सतराच्या वर होतं. उताराचा आकडा खरा धरू नका, हे तुमचंच वाक्य, म्हणून रोजचा सांगते: साडेचौदा. नव्वद टक्के लोक म्हणतील, इतक्यासाठी एवढं? हो, इतक्यासाठीच. महिन्याच्या पेट्रोलच्या बिलात दिसतं ते.

पण खरं सांगायचं तर साडेचौदाबद्दल मी बिल भरलं आहे. आभार आहेत ते स्क्रीनबद्दल. एक्सरे उजेडाला धरून, हाड कुठे सरकलंय तिथे बोट ठेवून दाखवणारा डॉक्टर. वाशीच्या मार्केटात काट्याचा आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवणारा व्यापारी. फॉर्ममधला कोणता रकाना चुकलाय ते खिडकीतून हात बाहेर काढून दाखवणारा कारकून. अशी माणसं भेटतात, नाही असं नाही. पण ती भेटली की आपण घरी येऊन सांगतो, म्हणजे किती कमी असतील बघा. बाकीच्यांना वाटतं, समोरच्याला कळलं तर आपली किंमत उतरेल. तुमच्याकडे सगळं कळल्यावर मी ओळखीच्या चार जणांना तुमचा पत्ता दिलाय. रांग लागली तर दोष माझा. निघताना मूळ फाइल आणि नवी फाइल, दोन्ही पेनड्राइव्हवर घालून दिलीत. "गाडी तुमची, मग फाइल कोणाची?" असं वर विचारलंत.

पावसाळ्याआधी एकदा येते. प्लग या वेळी मी उघडणार आहे, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. टॉर्क रेंच तुमचा लागेल. त्या लहान पोराला, जो "ताई, तुम्ही इंजिनिअर आहात का" म्हणून मागे लागला होता, त्याला सांगा की मी अकाउंट्समध्ये आहे.

आपली,
घोडबंदर रोडवाली

ता. क. काढलेला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह टाकून देऊ नका, भावाला त्याच्या गाडीला लावायचा आहे. त्याच्या गाडीला टर्बोच नाही, हे त्याला तुम्हीच सांगा. तुमचं तो ऐकेल.