रेकॉर्डी भंगारात द्यायच्या आधी प्रीअँपचं सेटिंग बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गणपतीला गावी आलेली माणसं परत जायच्या आधी माळा साफ करतात आणि त्यात जुन्या एलपी निघतात, आमच्या वेंगुर्ल्यात हे दरवर्षीचं. यंदा वाडीतल्या एका घरातून चाळीसेक रेकॉर्डी भंगारवाल्याकडे गेल्या, किलोवर. विचारलं तर म्हणे लावून बघितल्या, सगळ्या झिजल्यात, नुसत्या कर्कश वाजतात. ऐकून पोटात तुटलं, कारण दोन वर्षांपूर्वी मलाही हेच सांगितलं गेलं होतं आणि ते साफ चुकीचं निघालं, म्हणून हे पत्र.

बाबा गेल्यावर त्यांचं टर्नटेबल परत चालू केलं. नवीन कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग, जो सुईच्या थरथरीची वीज करतो) घेतली, ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई, आणि अँपला रेकॉर्डसाठीचं फोनो इनपुट नाही म्हणून वेगळा फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा, घेतला. नाट्यगीतांची एलपी लावली. आई पडवीत तांदूळ निवडत होती, तिथूनच म्हणाली, "आवाज असो नाय होतो रे, ह्यो कर्कश कित्याक झालो?" खरंच, 'स' आणि 'श' आला की कानात सुई टोचल्यासारखं व्हायचं, ऑर्गन पण चिरका. ज्यांच्याकडून प्रीअँप घेतला त्यांना फोन केला तर म्हणाले रेकॉर्डी संपल्या तुमच्या, नवीन घ्या. बाबा रेकॉर्ड कडेला धरून मलमलच्या फडक्याने पुसून परत कव्हरात घालायचे, आम्हाला हात पण लावू द्यायचे नाहीत, मग झिजतील कशा?

शेवटी प्रीअँप उलटा करून बघितला तर खाली बारीक पांढऱ्या स्विचची रांग, आणि कपॅसिटन्सचं (वीज साठवण्याच्या क्षमतेचं, ती पिकोफॅरडमध्ये मोजतात) सेटिंग ३३० पिकोफॅरडवर. आता यात भानगड अशी आहे की माझी कार्ट्रिज एमएम (मूव्हिंग मॅग्नेट, सुईबरोबर लोहचुंबक हलतं) जातीची, तिच्या आत तारेची कॉइल असते, आणि प्रीअँपची कपॅसिटन्स, वायरची कपॅसिटन्स सगळी बेरीज होऊन त्या कॉइलवर पडते. बेरीज जास्त झाली की वरच्या पट्टीत एका ठिकाणी आवाज फुगतो आणि त्याच्या वर एकदम पडतो. माझी केबल लांबलचक, आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या मित्राने मीटरवर मोजून दिली, टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) वायरी धरून १७० भरली. म्हणजे एकूण ५००, आणि कंपनी या कार्ट्रिजला सांगते १०० ते २००! तिची कॉइल ५५० मिलिहेन्रीची, हिशोब केला तर फुगवटा येतो साडेनऊ हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका 'स'च्या अंगावर. स्विच ५० वर आणला, केबल छोटी घेतली, बेरीज आली १८० आणि तोच बिंदू गेला १६ हजाराच्या जवळ, आणि तिथे तो फुगवटाही जवळपास राहिला नाही. तीच रेकॉर्ड परत लावली. आई काही बोलली नाही, तांदळाचं सूप बाजूला ठेवून आत येऊन बसली आणि दुसरी बाजू संपेपर्यंत उठली नाही.

एमसी (मूव्हिंग कॉइल, यात सुईबरोबर कॉइलच हलते) कार्ट्रिजवाल्यांची गोष्ट वेगळी. देवगडला मामांकडे डेनॉनची डीएल-१०३ आहे, १९६० च्या दशकातलं डिझाइन, अजून बनते. ती जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट देते, माझी देते ४. मामांचा प्रीअँप एमएमवर राहिलेला, सिग्नलची वाढ ४० डेसिबल म्हणजे शंभर पट, आवाज इतका बारीक की व्हॉल्यूम पूर्ण वाढवावा लागे आणि गाण्यापेक्षा घरघर जास्त. एमसीवर टाकला, ६० डेसिबल, हजार पट, आणि लोड, म्हणजे प्रीअँप कार्ट्रिजसमोर ठेवतो तो रोध, ४७ हजार ओहमवरून १०० ओहमवर आणला, काम झालं. उलटं मात्र करू नका, एमएम कार्ट्रिज हजार पटीवर लावली तर आवाज फाटतो. स्विच हलवताना अँप बंद ठेवा.

आणि आपल्याकडची खारी हवा! पावसाळ्यानंतर केबलच्या टोकाच्या आरसीए पिना हिरव्या पडलेल्या असतात, एक बाजू येते एक जाते, आणि लोक सुई गेली म्हणून नवीन आणतात. आधी पिना काढून पुसा, अर्थिंगची वायर घट्ट करा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तव्यांना (रेकॉर्डींना) मात्र सुईच जाड लागते, एलपीची सुई त्यांना चालत नाही, आणि फोनो प्रीअँपमध्ये जो आरआयएए कर्व्ह (रेकॉर्ड कापताना बदललेलं खालच्या-वरच्या सुरांचं प्रमाण परत जागेवर आणणारी ठरलेली दुरुस्ती) असतो तो १९५४ पासूनचा, त्याच्या आधीच्या तव्यांना तो लागू नाही, त्यामुळे ते वेगळे वाजले तर घाबरू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की विकणाऱ्यांनी कार्ट्रिज कुठली ते विचारून स्विच लावून द्यावेत, दोन मिनिटांचं काम आहे, आणि केबलच्या पाकिटावर पिकोफॅरडचा आकडा छापलेला असावा. रविवारच्या पुरवणीत तुम्ही यावर जाणकाराकडून एखादा लेख लिहून घेतलात तर दिवाळीच्या साफसफाईच्या आधी खूप घरांना उपयोग होईल. तोवर आमच्या आजूबाजूच्या गावात कुणाला रेकॉर्डी टाकायच्याच असतील तर आधी माझ्याकडे घेऊन या, लावून बघू, रविवारी मी घरीच असतो.

आपला नियमित वाचक,
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग