पुडीवर मिनिटं लिहून देणाऱ्या आंटींना

प्रिय आंटी,

सिंगापुरात लहान मुलांसाठी चिनी काढा घरी करणाऱ्या आम्हा काही मराठी आई-बाबांकडून तुम्हाला मनापासून धन्यवाद. औषधांच्या दुकानात नोंदणीकृत चिनी वैद्यांची चिठ्ठी पाहून औषधं तोलायची आणि बांधून द्यायची, इतकं केलंत तरी तुमचं काम पुरं होतं. पण मुलाचं वय आणि वजन विचारल्याशिवाय तुम्ही तराजूला हात लावत नाही. आधी उकळायचं, शेवटी टाकायचं, कापडात बांधायचं अशी औषधं वेगळ्या पुड्यांत बांधता आणि प्रत्येक पुडीवर मिनिटं लिहून देता. त्या मिनिटांसाठी हे पत्र आहे. चिठ्ठी अचूक असली तरी काढा शेगडीवर बिघडू शकतो, हे तुम्ही जाणता.

आधी भांडं. मातीचं, चिनी मातीचं, काचेचं किंवा स्टेनलेस स्टीलचं चालतं. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम चालत नाही, कारण वनस्पतींमधलं टॅनिन या धातूंशी संयोग पावतं, काढा काळपट होतो आणि त्याचा गुण बदलतो. म्हणजे आपली बिडाची कढई आणि कल्हई उडालेलं पातेलं इथे बाद. औषधं चोळून धुवायची नाहीत, फार तर एकदा विसळायची. मग थंड पाण्यात अर्धा तास भिजवायची, पाणी औषधांच्या वर दोन-तीन सेंटिमीटर येईल इतकं. घाईत गरम पाणी ओतलं तर बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि पिष्ट आवळतात आणि आतलं सत्त्व आतच अडकतं. भिजवलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच उकळायचं.

उकळी येईपर्यंत आच मोठी, मग मंद. सर्दी-तापासाठीच्या पानाफुलांच्या काढ्याला उकळीनंतर १० ते १५ मिनिटं पुरतात, साधारण काढ्याला २० ते ३०, शक्ती देणाऱ्या मुळ्यांना ४० ते ६०. सर्दीचा काढा ‘अजून थोडा दाट होऊ दे’ म्हणून तासभर ठेवला की त्यातली सुगंधी तेलं वाफेबरोबर निघून जातात आणि उरतो नुसता कडूपणा. छिंग राजवटीतल्या वू जूथोंग या वैद्यांनी अशा काढ्यांसाठी सांगून ठेवलं आहे की गंध चांगला दरवळला की उतरवा, जास्त उकळू नका. तुमच्या पुडीवरचा ‘शेवटची ५ मिनिटं’ हा शेरा याच कारणासाठी पुदिन्यावर असतो.

जिप्समचे खडे, कालवांचे शिंपले यांचं उलट असतं. ते कुटून बाकीच्या औषधांच्या २० ते ३० मिनिटं आधी उकळायला ठेवावे लागतात, एरवी पाण्यात फारसं काही उतरत नाही. कापडाच्या पुरचुंडीत बांधायची औषधं दोन कारणांनी बांधतात. छछियेनत्झ हे बी आपल्या इसबगोलाच्या कुळातलं. ते सुटं टाकलं तर बुळबुळीत होऊन तळाला धरतं आणि काढा करपतो. श्वानफूच्या फुलांवर आणि लोकाटच्या पानांवर बारीक लव असते. ती काढ्यात आली तर घशाला खवखव होते. खोकल्यासाठी दिलेल्या काढ्यानेच मूल आणखी खोकत असेल तर आधी पुरचुंडी बघावी, हे तुमचं सांगणं आम्ही जपून ठेवलं आहे.

गाळायचं गरम असतानाच, कारण गार होता होता चोथा काढा परत शोषून घेतो. मग त्याच औषधांत थोडं कमी पाणी घालून दुसरा काढा करायचा आणि दोन्ही एकत्र करूनच भाग पाडायचे. सकाळी पहिला आणि रात्री दुसरा असं दिलं तर सकाळचा डोस जड आणि रात्रीचा पाणचट होतो. काढा फार झाला तर चोथा काढून नुसतं पाणी मंद आचेवर आटवावं. करपला तर मात्र सगळा टाकून द्यायचा, वर पाणी ओतून वाचवायचा नाही. केलेला काढा फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवायचा आणि वाटी गरम पाण्यात धरून कोमट करायचा.

मात्रेबाबत तुम्ही जितक्या ठाम आहात, तितकं आमच्याकडे कुणी नसतं. आमच्या घरांत बाळगुटी सहाणेवर उगाळतात, कुठल्या मुळीचे किती वेढे ते आजीच्या हातावर असतं, आणि पोट बिघडलं की एखादा वेढा वाढतो. चिनी काढ्याला ही सवय लावणं धोक्याचं आहे. चिनी बालरोगाच्या पाठ्यपुस्तकांत ढोबळ हिशेब असा आहे: नवजात बाळाला मोठ्यांच्या मात्रेचा सहावा भाग, अंगावर पिणाऱ्या बाळाला तिसरा भाग, दुडदुडणाऱ्याला निम्मी, शाळकरी मुलाला दोन-तृतीयांश. हा वैद्यांचा हिशेब आहे, घरी वापरायचा नाही, आणि नवजात बाळाला तर घरच्या मताने काहीच द्यायचं नाही. दिवसभरात पोटात जाणारा काढाही मोजका असतो: तान्ह्याला ५० ते १०० मिलिलिटर, शाळेत न जाणाऱ्याला १२० ते २४०, शाळकरी मुलाला २५० ते ३००, तोही तीन ते पाच वेळा विभागून. घरात जुनी चिठ्ठी सापडली आणि तिच्यावर ‘चियेन’ हे माप असलं तर ती तुम्ही बाजूला ठेवता. जुन्या हिशेबात चियेन म्हणजे सुमारे पावणेचार ग्रॅम, चीनमध्ये १९७९ नंतर तीन ग्रॅम धरतात. एवढ्याशा जिवाच्या मात्रेत हा फरक लहान नाही.

ज्येष्ठमधाचा प्रश्नही तुम्हीच पहिल्यांदा विचारलात: घरी देता का? बऱ्याच चिनी काढ्यांत ते गानत्साओ या नावाने असतंच. त्यात बाळगुटीतलं आणि खोकल्याच्या चाटणातलं मिळालं, आणि तेही बरेच दिवस, तर रक्तातलं पोटॅशियम उतरू शकतं आणि रक्तदाब चढू शकतो. तसंच माहुआंग (एफेड्रा ही वनस्पती) असलेला काढा आणि नाक मोकळं करणारं स्युडोएफेड्रिनचं सिरप एकत्र दिलं की मुलाचं काळीज धडधडतं, झोप उडते. दोन औषधांत दोन तासांचं अंतर ठेवून हा धोका टळत नाही. चिनी वैद्य आणि डॉक्टर, दोघांनाही दोन्ही औषधं सांगावीच लागतात.

आता तुमच्या नकारांबद्दल. आमच्या मते तुमचं सगळ्यात मोठं ऋण तेच. मुलांच्या जुन्या ‘शांत झोपेच्या’ चूर्णांत चूशा आणि श्योंगहुआंग असायचे. हे म्हणजे हिंगूळ आणि मनशीळ, अनुक्रमे पारा आणि आर्सेनिकची खनिजं. परदेशातून कुणी आणलेली बिनलेबलची पुडी तुम्ही उघडूनही बघत नाही, ती देऊ नका म्हणता, हे योग्यच आहे. मू-थोंग या वेलीची पुडी आली की तुम्ही तिच्यावर वनस्पतीच्या जातीचं नाव मागता. सुंग काळातले बालवैद्य चियेन यी यांच्या मुलांसाठीच्या एका प्रसिद्ध पाठात, म्हणजे ठरलेल्या औषधमिश्रणात, मू-थोंग आहे, पण त्या नावाखाली क्वान-मू-थोंग ही वेगळीच वेल विकली जायची. तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगही घडवतं. चीनने २००३ मध्ये ती अधिकृत औषधांतून काढली. आपली ईश्वरीची वेल याच कुळातली, म्हणून हे मराठी घरांनीही लक्षात ठेवावं.

हुआंगल्येन या पिवळ्या कडू मुळीआधी तुम्ही जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची तपासणी झाली आहे का ते विचारता. या एन्झाइमची कमतरता असलेल्या तान्ह्यांच्या काविळीच्या भीतीने सिंगापूरने १९७८ मध्ये त्यातल्या बेरबेरीनवर बंदी घातली होती. ती पुढे उठली, तरी खबरदारी राहिली आहे. इथे १९६५ पासून नवजात बाळांची ही तपासणी होते. भारतात जन्मून इथे आलेल्या मुलांची ती बरेचदा झालेली नसते. आई-बाबांनो, आधी ती करून घ्या.

शाकाहारी घरांसाठी तुम्ही पुडा उलगडून दाखवता, यासाठी वेगळे आभार. छान-थुई ही सिकाडा किड्याची टाकलेली कात, जी-नेई-जिन हे कोंबडीच्या पोटाचं अस्तर, आणि ही दोन्ही मुलांच्या पाठांत नेहमीची. नको असेल तर वैद्यांना फोन करून बदल मागता, स्वतःच्या मनाने वस्तू गाळत नाही.

पाजण्याबद्दल तुम्ही सांगता ते आम्ही तसंच पाळतो. मूल अर्धवट बसलेलं हवं. सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला एका वेळी एक-दोन मिलिलिटर, आणि गिळलं की पुढचं. नाक दाबून किंवा रडताना ओतलं तर काढा श्वासनळीत जाऊ शकतो. दुधाच्या बाटलीत मिसळायचं नाही, कारण अर्धी बाटली उरली तर किती औषध पोटात गेलं ते कळत नाही आणि पुढे मूल दुधालाच तोंड फिरवतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बॉट्युलिझम या विषबाधेची भीती असते. पुरळ उठली, उलट्या-जुलाब झाले तर काढा बंद करून विचारायचं. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, लघवी कमी होणं, झटका, मूल जागं न होणं यांत काढ्याचा विचारही करायचा नाही. सरळ इस्पितळ किंवा रुग्णवाहिकेसाठी ९९५ ला फोन.

तुमच्या चिठ्ठ्यांवरच्या सूचना आम्ही मराठीत उतरवल्या आहेत. सोबत त्यांचा आणि या पत्राचा इंग्रजी तर्जुमा जोडला आहे. वेळ मिळेल तेव्हा मिनिटं आणि मिलिलिटर तेवढे तपासून द्या. तुमची खूण झाल्याशिवाय तो कागद आम्ही कुणाला देणार नाही.

तुमचे कृतज्ञ,
सिंगापूरमधले काही मराठी आई-बाबा