भावाची का गं बॅट?

सांगली,
14 नोव्हेंबर 2025

प्रिय दिल्या,

आपल्या पोरींनी वर्ल्डकप जिंकला त्या रात्री साडेबाराला तुझा फोन आला आणि आपण दोघंही नुसते ओरडलो. बोलणं काही झालंच नाही, म्हणून हे पत्र. मोबाईलवर एवढं टाईप करायला माझा अंगठा वळत नाही, तुला ठाऊक आहे.

फायनलच्या दिवशी नेमकी कार्तिकी एकादशी. पावसामुळं खेळ सुरू व्हायलाच पाच वाजले. तोवर माझी खिचडी झाली, रताळ्याचा कीस झाला, आणि स्मृती 45 वर आऊट झाली तेव्हा हातात वरीच्या भाताची ताटली होती. एकादशी अन् दुप्पट खाशी! पुढं शेफालीच्या 87, दीप्तीच्या 58 आणि वर तिच्याच पाच विकेटा. पण ती आफ्रिकेची वोल्वार्ट शंभर करून उभी होती तोवर घास उतरत नव्हता. अमनजोतच्या हातात तिचा कॅच उडाला, परत उडाला, तेव्हा शेजारच्या काकूंनी माझा दंड असा धरला की अजून दुखतोय. काकूंना लेग बाय म्हणजे काय ते अजून माहीत नाही.

स्मृतीच्या स्पर्धेत 434 धावा. माधवनगरची पोरगी! दिल्या, तासगावच्या एसटीवर कंडक्टर म्हणून मी किती वर्षं माधवनगरचा थांबा ओरडलो. किट घेऊन पोरं चढायची, किट दारात ठेवायची, मी खेकसायचो. पोरंच सगळी. एखादी पोरगी बॅट घेऊन चढली असती तर मीच बहुतेक विचारलं असतं, ‘भावाची का गं बॅट?’

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स. स्मृतीचा फोटो कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. बाकी सगळी जागा आमच्या गल्लीतल्या ‘भावी नगरसेवका’नं गॉगलसकट व्यापलेली. जणू त्यानंच नेटमध्ये तिला बॉल टाकले. मग परवा महापालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि त्याला हवी ती जागा महिलांसाठी गेली. रात्रीत फ्लेक्स बदलला! गॉगल तसाच, शेजारी पदर घेऊन, हात जोडून त्याची बायको. ‘भावी नगरसेविका सौ.’ ही वहिनी रोज दळण घेऊन माझ्या दारावरून जाते. मी म्हटलं, ‘वहिनी, उभ्या राहताय म्हणे?’ तर म्हणाली, ‘मला पण फ्लेक्स बघूनच कळलं, भावजी.’

हसू नको. निदान निवडणूक तरी होतेय. 78 नगरसेवकांची मुदत ऑगस्ट 2023 ला संपली, तेव्हापासून प्रशासक. सुप्रीम कोर्टानं 31 जानेवारीच्या आत उरका म्हणून दटावलं तेव्हा कुठं हालचाल. पूर्वी दिव्याचा बल्ब गेला तरी नगरसेवकाच्या दारात जाऊन चार शिव्या घालता यायच्या. काम व्हायचंच असं नाही, पण जेवण पचायचं. लोकसभेला आपण सगळे पक्ष बाजूला सारून अपक्ष विशाल पाटलांना दिल्लीला धाडलं, त्याचा तोरा अजून कट्ट्यावर आहे. आता मात्र कोण कुणाबरोबर आहे हे सकाळी पेपर उघडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि दुपारी तेही शिळं होतं.

महागाईचं काय लिहू? पुतणीचं लग्न ठरलंय. 1984 ला माझ्या लग्नात सोनं दोन हजारांच्या आत होतं तोळा, आता सव्वा लाखाच्या घरात. सराफाकडं गेलो, त्याचा चहा प्यालो आणि परत आलो. एसटीनंही जानेवारीत भाडं 14.95 टक्क्यांनी वाढवलं. पंधरा म्हणायला जीभ रेटली नसेल! तासगावकडचे व्याही तर द्राक्षाचं नावच काढू देत नाहीत. मेपासून पाऊस हटला नाही, वेलींना नुसता पाला, घड नाहीत.

घरात सध्या एकच दंगा, लाडक्या बहिणीची ई-केवायसी. 18 तारखेची मुदत आहे. सूनबाई रात्री अकराला मोबाईल घेऊन गच्चीवर उभी असते आणि ओटीपी काही येत नाही. मी मागं बोलायचो, हे 1,500 रुपये म्हणजे मतांचा विसार. अजूनही तसंच वाटतं. पण या महिन्याचा हप्ता जमा झाला तशी ती कुणाला न विचारता बाजारात गेली आणि धाकटीसाठी बॅट घेऊन आली. काश्मीर विलोची, 1,400 ला. वरच्या शंभराचं भडंग आणलं, ते मीच संपवलं. त्यामुळं सध्या गप्प आहे.

धाकटी जेवते, लिहिते उजव्या हातानं. पण बॅट घेऊन डावखुरी उभी राहते. मी सांगितलं, अगं, उलटी उभी आहेस. तर म्हणते, ‘आजोबा, स्मृतीपण उजवीच आहे, तरी डावीनं खेळते.’ मी नातवाला विचारून घेतलं, खरं आहे. तेव्हापासून संध्याकाळी अंगणात मला बॉलिंग आहे. कालपर्यंत एक कुंडी आणि काकूंच्या खिडकीची काच.

डिसेंबरात येतोयस ना? तुझी ती कॉलेजातली पॅड माळ्यावर असतील तर घेऊन ये. तिच्या कमरेपर्यंत येतील, पण चालेल.

तुझा,
बाळू